नवा फिल्टर

"नापास," तपासनीस म्हणाला आणि त्याने गाडीच्या सायलेन्सरमधली तपासणीची नळी ओढून काढली.

"शक्यच नाही!" आजोबा ओरडले. धुराच्या चाचणीआधी त्यांनी गाडीची काय कमी सरबराई केली होती? ऑइल बदललं, प्लग साफ केले, इंजिन चांगलं तापावं म्हणून मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. वाटेत दोघातिघांनी उगाचच हॉर्न वाजवले. हल्ली लोकांना धीर म्हणून नाही. एअर फिल्टर तेवढा त्यांनी यंदा मेकॅनिककडून बसवून घेतला होता, कारण पाना काही केल्या नटांवर बसेना. नटच झिजले असणार.

तपासनीसाने बॉनेट उघडून फिल्टरचं झाकण काढलं. "काका, हा बदललाय म्हणता? यातल्या मातीत बटाटे लावता येतील."

फिल्टर काळाकुट्ट होता. मेकॅनिकच्या हातात त्यांनी दिला होता तो कोरा, खोक्यातला.

नापास गाडी रस्त्यावर आणायची नाही हा नियम, आणि नियम मोडणं आजोबांच्या रक्तात नव्हतं. गाडी तिथेच ठेवून ते पाय आपटत गॅरेजात गेले. मेकॅनिक त्यांचा जुना दोस्त. त्याने मान वर केली नाही.

"केसाने गळा कापलास रे माझा! नवा फिल्टर कुठे विकलास?"

मेकॅनिकने फळीवरचा नवा फिल्टर काढून त्यांच्यापुढे ठेवला. "जुनाच राहू दे म्हणून वहिनींनी सांगितलं. का, ते त्यांनाच विचार."

आजोबांच्या पायाखालची जमीन सरकली. दोस्ताचं एक वेळ समजण्यासारखं होतं, पण घरचं माणूस? जिला जन्मभर शेजारच्या सीटवर बसवून फिरवलं, तिनेच पाठीत वार करावा? तोही त्यांचा नियम पाळणारा स्वभाव नेमका हेरून?

घरी आजी नातीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला फसवलंस तू." ते दारातूनच ओरडले. "गाडी चालवू नका, असं तोंडावर सांगायचं होतंस."

"वर्षभर सांगतेय. तुम्ही हसण्यावारी नेलंत."

"म्हणून असं चोरून? असं झालं तरी काय?"

आजीने हातातला फ्रॉक खाली ठेवला. "हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं मला. मंगळवारी आम्ही दोघी शाळेसमोर रस्ता ओलांडत होतो. तुमची गाडी दिसली म्हणून पोर हात हलवत पुढे धावली. मी वेणी धरून मागे ओढली तिला. तुम्ही वेगसुद्धा कमी केला नाहीत. आजोबांना आपण दिसलो नाही का, असं विचारत होती. मी सांगितलं, दिसलो गं, गंमत केली त्यांनी."

आजोबा तो रस्ता आठवून पाहू लागले.

"मंगळवारी," ते म्हणाले, "रस्ता तर मोकळाच होता गं."