नाव हाय मला

दुष्काळात सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली, तसा नेकनूरकडचा आश्रुबा बैलं आणि बायको-पोर घेऊन तिथंच राहायला आला. दोन वर्षांचा किसना अजून बोलत नव्हता. त्याच्यासाठी आश्रुबाच्या बायकोनं, छबुबाईनं, देवीला नवसही बोलला होता.

एका सकाळी आश्रुबा बैलांखालचं शेण काढत होता. किसना दुडूदुडू जवळ आला आणि बापाकडं बोट करून स्पष्ट म्हणाला, "ए आश्र्या!"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. आश्रुबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं पोरावर उगारलेला हात छबुबाईनं वरच्यावर धरला.

"त्याला कावून मारता? रोज कानावर पडतंय तेच बोललं लेकरू. ज्यानं शिकवलं त्याला जाब इचारा की!"

हात खाली आला, राग काही उतरला नाही. छावणीचा मॅनेजर कल्याणराव उठता-बसता अशीच हाक मारायचा. बैलं उपाशी राहतील म्हणून आश्रुबा खालमानेनं 'जी' म्हणायचा. पोरगं तेही ऐकत होतं.

चारा वाटताना कल्याणराव ओरडला, "ए आश्र्या, उचल तुझा चारा!"

आश्रुबानं चाऱ्याला हात लावला नाही. "आश्रुबा म्हना. नाव हाय मला."



"लई बोलाय लागलास बे! कुनी शिकवलं?"

"आमच्या पोरानं," आश्रुबा म्हणाला. "आजच बोलाय लागलंय."