खिळ्यावरचं हाड

"आधी जेवण, मग हाड," लिनेयाचे बाबा व्हर्लिन म्हणाले आणि बटाटे कुस्करायला बसले.

लिनेयानं विषय वाढवला नाही. आज बाबांचा होकार घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं तिनं मिनियापोलिसहून निघतानाच ठरवलं होतं. आई मार्चमध्ये गेली. तेव्हा चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेले जेवणाचे डबे अजून फ्रीझरमध्ये तसेच होते, वरच्या नावांच्या चिकटपट्ट्यांसकट. बाबांनी उन्हाळा टोस्ट आणि कॉफीवर काढला होता. कमरेचा पट्टा नव्या भोकात गेला होता. तिच्या घरी खालची खोली त्यांच्यासाठी रंगवून तयार होती. सकाळी तिनं तिकडे राहायला येण्याबद्दल पुन्हा विचारलं, तेव्हा ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाड ओढू. तू जिंकलीस तर येतो. मी जिंकलो तर हा विषय पुन्हा नाही."

हाड ओट्यासमोरच्या खिडकीत खिळ्याला टांगलेलं होतं. टर्की पक्ष्याच्या छातीतलं, बेचकीसारखं. दर थँक्सगिव्हिंगला, म्हणजे आजच्या या आभार मानायच्या सणाला, आई ते सोडवायची, धुवायची आणि तिथं टांगायची. ओलं हाड मोडत नाही, नुसतं वाकतं, असं तिचं म्हणणं. पुढच्या वर्षी नवी टर्की खाऊन झाली की वाळलेलं हाड खाली यायचं. एक टोक आईच्या हातात, दुसरं लिनेयाच्या. मोडल्यावर दोन्ही काड्या जुळतात तो वरचा गड्डा ज्याच्याकडे राहील त्याची इच्छा पुरी. आईचा चेहरा लाल व्हायचा, दात ओठात रुतायचे, पण जिंकायची लिनेयाच. दर वर्षी. पोरगी नशिबाची आहे, असं घरात सगळे म्हणायचे आणि तिलाही ते खरं वाटायचं.

आता खिळ्याला होतं ते आईनं टांगलेलं शेवटचं हाड.

अर्लिसमावशी, आईची थोरली बहीण, चुलीपाशी ग्रेव्ही ढवळत होती. ती दोनच घरं पलीकडे राहायची. बाबा टेबल मांडायला बाहेर गेले तेव्हा लिनेया तिच्याजवळ गेली. बाबांच्या मनगटात अजून जोर आहे, आपण हरलो तर काय, असं हळूच म्हणाली.

मावशीनं पळी काठावर ठेवली. "जोराचं काय घेऊन बसलीस? ओढतो तो हरतो. आपण हात स्थिर ठेवायचा आणि समोरच्याला ओढू द्यायचं. मार्डेलला, तुझ्या आईला, हे शाळेत असल्यापासून माहीत होतं. आम्हा सगळ्यांना हरवायची आणि भांडी आमच्या गळ्यात मारायची. जन्मात एकदा हरली नव्हती, तू होईपर्यंत."

लिनेयानं खिळ्यावरच्या हाडाकडे पाहिलं. मावशीनं ग्रेव्ही चाखली आणि उगाचच आणखी मीठ घातलं.

जेवताना रीतीप्रमाणे प्रत्येकानं आभार मानले. आईच्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं; तसं कोणी ठरवलंही नव्हतं. बाबांची पाळी आली तेव्हा त्यांनी ताटाकडे बघून बटाट्यांबद्दल आभार मानले. स्वतःच कुस्करलेल्या बटाट्यांचे आभार मानणारा माणूस आपण पहिल्यांदाच पाहिला, असं मावशी म्हणाली. बाबा हसले. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग उठून दिवाणखान्यातल्या टीव्हीचा आवाज बंद केला, नेहमी आई करायची तसा, आणि खिडकीतलं हाड काढून आणलं.

हाड हलकं होतं, पिवळट. लिनेयानं आपलं टोक धरलं. ते मोडावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण फ्रीझरमधले डबे तिच्या डोळ्यांपुढे होते. तिनं कोपर टेबलावर टेकवलं, अंगठा घट्ट केला आणि हात दगडासारखा स्थिर ठेवला.

बाबांनी ओढायला सुरुवात केली.

त्यांचा चेहरा लाल झाला. दात ओठात रुतले. कपाळावरची शीर फुगली. ही मुद्रा लिनेयानं या टेबलावर दर वर्षी पाहिली होती, फक्त दुसऱ्या चेहऱ्यावर. तिच्या लक्षात यायला आणि हाड मोडायला एकच गाठ पडली. गड्डा तिच्या हातात राहिला होता.

बाबांनी आपल्या हातातली काडी ताटाच्या कडेला ठेवली आणि बोटं चोळली.

"हरायला बराच जोर लागतो," ते म्हणाले. "तुझ्या आईला कसं जमायचं कोण जाणे."

मावशी खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. बाबा खुर्चीचा आधार घेत उठले. बॅग कपाटावर आहे, जुनीच आहे पण चेन चालते, असं पुटपुटत ते जिन्याकडे निघाले. जाता जाता त्यांचा हात आईच्या खुर्चीच्या पाठीवरून गेला, रोज जात असावा तसा, न बघता.

लिनेया उठली. तिनं टर्कीच्या सांगाड्यात बोटं घातली, या वर्षीचं हाड हलक्या हातानं सोडवलं आणि नळाखाली धुतलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाबा थांबले होते. त्यांच्या देखत तिनं ते ओलं हाड त्याच खिळ्याला टांगलं.