पाचबोटीची मुळं

"बाबा, वाटी खाली ठेवा!"

रुइलान स्वयंपाकघरातून धावतच आली. सासरे देछ्वान यांनी वाटी ओठांपाशी नेली होती. कोंबडी आणि पाचबोटीची मुळं घालून सकाळभर उकळलेलं सूप. भाताआधी तेच प्यायचं, ही घरची रीत. मुळं सासूबाई, फेंगजिआओ, स्वतः डोंगरावरून खणून आणत.

"काय झालं किंचाळायला?" फेंगजिआओंनी विचारलं.

रुइलानने मुळाचा तुकडा पुढे केला. "मुळं चिरताना पाटावर हा उरला होता. याला वास नाही, आई."

पाचबोटीच्या मुळाला ओल्या नारळाचा वास येतो, हे डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तिच्याच झुडपाला विळखा घालून आतडेतोडीचा वेल वाढतो. मुळं दिसायला सारखीच, फक्त वास नसतो. ती पोटात गेली की माणूस संध्याकाळ बघत नाही.

"म्हणजे मी नवऱ्याला विष घालतेय?" फेंगजिआओ कडाडल्या. "काल आलीस तू या घरात. माझी हयात गेली ही मुळं खणण्यात! अहो, प्या हो तुम्ही."

देछ्वाननी वाटी पुन्हा उचलली. रुइलानने त्यांचं मनगटच धरलं. सुनेनं सासऱ्याचा हात धरावा, हे आक्रीतच होतं. तरी तिनं तो सोडला नाही.

"हुंगून तर बघा, आई."

फेंगजिआओंनी तुकडा नाकाशी नेला. "येतोय की. नारळाचा."

रुइलानने पाठमोरी होऊन मुठीत काहीतरी घेतलं आणि मूठ त्यांच्या नाकापुढे धरली. "आणि याला?"

"नारळाचाच! झालं समाधान?"

तिनं मूठ उघडली. आत ठेचलेला लसूण होता.

"मागच्या तापात नाक गेलं माझं," फेंगजिआओ पुटपुटल्या. "चुलीपासून उठवाल म्हणून बोलले नाही." रुइलानला त्यांचा राग आला आणि कीवही आली. तिनं वाटी काढून घेतली.

"तरीच," देछ्वान म्हणाले. "परवाची मासळी नासकी होती."

"मग खाल्लीत कशाला? बोलायचं नाही?" फेंगजिआओंनी विचारलं.

"तुला वाईट वाटलं असतं."

देछ्वाननी मान खाली घातली.

"सुपाचा वासही आज वेगळाच वाटला होता," ते म्हणाले.