इतर

सव्वादोन वाजले आणि घड्याळ उठली.

घड्याळ म्हणजे तिसऱ्या बाकावरची मुलगी. रोज सव्वादोनच्या ठोक्याला ती वही मिटायची, म्हणून वर्गानं तिला हे नाव ठेवलं होतं. तिनं पिशवी खांद्याला लावली, पाण्याची बाटली उचलली. बाटली सकाळी भरलेली यायची आणि भरलेलीच घरी जायची. तिच्यामागोमाग बाकीच्या अकराजणी उठल्या. उरले बाई आणि आकडेवाला.

आकडेवाला संख्याशास्त्राचा. लिंगभाव अभ्यास हा मायनर विषय त्यानं घेतला, कारण त्याच्या वेळापत्रकात तेवढीच एक फट होती. यापेक्षा उदात्त कारण त्यानं कधी सांगितलं नाही.

"बाबा रे," बाई म्हणाल्या, "मुली दुपारी का थांबत नाहीत, त्याचं कारण सोमवारी प्राचार्यांना द्यायचंय. नाही दिलं तर विषय बंद."

विषय बंद म्हणजे आकडेवाल्याची दोन वर्षं पाण्यात. लिहून घ्यावं म्हणून त्यानं पेन काढलं. ते हातातून निसटलं आणि घरंगळत कोपऱ्यातल्या चटईखाली गेलं. या खोलीत पडलेलं प्रत्येक पेन तिकडेच जाई, आणि परत येत नसे.

खोली तशी विचित्रच होती. भिंतींना खांद्यापर्यंत निळ्या फरश्या, खिडकी छताला टेकलेली, आणि एका भिंतीवर ओळीनं तीन छोटे आरसे. विषयच असा की ते मुद्दाम लावले असावेत असं सगळ्यांना वाटे. विषय चार विभागांचा मिळून, म्हणजे बारभाईचा कारभार. खोली बाकीच्या तिघांनी द्यावी असं प्रत्येक विभागाचं ठाम मत होतं. शेवटी कार्यालयानं ही दिली. रिकामी होती म्हणे.

प्रश्नावलीही चौघांनी मिळून केली होती. 'मुली दुपारी का थांबत नाहीत?' या प्रश्नाखाली अर्थशास्त्रानं 'घरकाम' घातलं, मानसशास्त्रानं 'विषयाची नावड', समाजशास्त्रानं 'घरच्यांचा धाक' आणि इतिहासानं 'पूर्वापार'. शेवटी 'इतर'. 'इतर'पुढे लिहायला एक रेघ होती, ती आकडेवाल्यानं स्वतः काढून टाकली. हस्ताक्षराचा आलेख निघत नाही.

कॉलेजातल्या दोनशे चौदा मुलींपैकी दोनशे तेरा जणींनी 'इतर'वर खूण केली. एकीनं 'पूर्वापार'वर. तिचं चुकलं असणार, असं त्यानं तळटीपेत लिहिलं.

चारही विभागांनी 'इतर'चा अभ्यास केला. मानसशास्त्र म्हणालं, ही टाळाटाळ आहे. अर्थशास्त्र म्हणालं, हे घरकामच, फक्त लाजून सांगितलेलं.

शुक्रवारी सव्वादोनला आकडेवाल्यानं घड्याळला दारात गाठलं.

"ए, एक विचारू? इतर म्हणजे काय?"

"लिहिणार होते की. रेघ कुठं होती?"

"आता सांग."

"मुलींचं टॉयलेट अख्ख्या कॉलेजात एक. ते ग्रंथालयात. आणि ग्रंथालय दोनला बंद." तिनं पायानं कोपऱ्यातली चटई बाजूला सारली. "दुसरं होतं, ते हे. माझी मावशी इथंच शिकली. या आरशात बघून वेणी घालायची."

चटईखाली लोखंडी जाळी होती. जाळीखाली पेनं दिसत होती. अकरा. त्यातली सात त्याची.

"मग बोलली का नाहीस?"

"बाईंकडे स्टाफच्या टॉयलेटची किल्ली आहे, त्यांच्या ध्यानात यायचं नाही. आणि तुला काय डोंबल सांगणार? तू आलेख काढला असतास."

काढला असता. त्यानं मनात कबूल केलं.

मग तो कार्यालयात गेला आणि त्या टॉयलेटची जुनी फाइल मागितली. नऊ वर्षांपूर्वीचा हुकूम अडीच ओळींचा होता. दुपारी मुली कॉलेजात नसतात. सबब वापर नाही. खोली वर्गासाठी मोकळी करावी.

सोमवारी बाईंबरोबर जाऊन त्यानं तो कागद, आलेख न काढता, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"कारण पटलं," ते म्हणाले. "पण खोली परत केलीत तर वर्ग कुठं भरवणार? खोली नसलेला विषय बंद होतो. नियम आहे."

बाईंनी आकडेवाल्याकडे पाहिलं. "तू सांग. दोन वर्षं तुझी जायची आहेत."

आकडेवाल्यानं हिशेब करायला पेन चाचपलं. खिशात एकही नव्हतं.

"जिना आहे की, सर," तो म्हणाला.

जिना ही खोली धरता येईल का, याबद्दल प्राचार्यांनी चारही विभागांचं मत मागवलं. ते एकमतानं द्यायचं आहे, त्यामुळे अजून आलेलं नाही. तोवर विषय चालू आहे. प्लंबरनं तीन आठवडे घेतले आणि जाताना अकरा पेनं धुऊन परत केली.

वर्ग आता जिन्यात भरतो. बाई वरच्या पायरीवर, मुली मधे, आकडेवाला खाली, म्हणजे पडलेली पेनं आपोआप त्याच्याकडे येतात. प्लंबर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईंचं बोलणं ऐन रंगात आलं होतं. सव्वादोन वाजले आणि घड्याळ उठली.

बाई थांबल्या. आकडेवाल्यानं वही मिटली.

"थांबू नका बाई, रांग नसेल तर आलेच मी," असं म्हणत ती वर, जुन्या खोलीकडे निघाली. पिशवी पायरीवरच होती. तिला टेकून बाटली उभी होती, रिकामी.