मंजुळाबाईचा नेम

"आत्याबाई, स्वतःच्या आरोग्यासाठी तुम्हाला कोणता बदल करावासा वाटतो?"

एरवी "च्या ठेवू का" एवढंच विचारणारी सून आज पुस्तकासारखी बोलली, तशी मंजुळाबाईनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. हळदीच्या पोत्याला टेकवलेल्या मोबाईलमधून सपना मॅडम तेवढ्या बघत होत्या, तिकडं पुण्यात बसून, सुनेच्या हेल्थ कोचच्या कोर्सची परीक्षा घेत.

"काहून? माझ्यात काय खराबी हाय?" मंजुळाबाई म्हणाली.

राजनंदिनीनं ओठ आवळले. सासूची खराबी तिला तोंडपाठ होती. गुडघे, शुगर, वर बशी भरून गोडमिट्ट चहा. पण बोलायची सोय नव्हती. हेल्थ कोच म्हणजे डॉक्टर नव्हे. त्यानं औषध सांगायचं नाही, सल्लाही द्यायचा नाही. नुसतं विचारत राहायचं, माणसाच्याच तोंडून गोष्ट निघेपर्यंत. मागच्या खेपेला शेजारच्या आशाबाईला ती "साखर सोडा" म्हणून गेली आन् नापास झाली. आज नापास झाली तर सर्टिफिकेट गेलं, आन् हिंगोलीच्या योगवर्गात ठरलेलं कामही गेलं.

"खराबी नाही. तुम्हाला काय वाटतं, ते विचारतेय."

"ह्या घरात सवाल मी विचारते."

"आजच्या दिवस मला विचारू द्या, आत्याबाई. मॅडम बघून राहिल्या."

मंजुळाबाईनं मोबाईलकडं बघून पदर सारखा केला. परक्या बाईसमोर सुनेची फजिती करायची नाही, एवढी रीत तिला कळत होती. फजिती घरातल्या घरात करायची असते.

"बरं. विचार."

"एखादी लहानशी सवय. रोज पाळता येईल अशी. धरायची तरी, नाहीतर सोडायची तरी."

"मंग नेम म्हण की सरळ. उगं घोळ घालून राहिली."

आखाडी एकादस तोंडावर आली होती. चातुर्मासात आवडीची एक गोष्ट सोडायची, हा त्यांच्या गावात, गोरेगावात, घरोघरचा रिवाज. मंजुळाबाईचं वांगं सोडून झालं होतं, पान सोडून झालं होतं. एका वर्षी थोरल्या जावेशी बोलणं सोडलं, ते चातुर्मास उलटला तरी परत धरलं नाही. तिचा नेम मोडलेला आजवर कुणी बघितला नव्हता.

"आवडीचंच सोडावं लागतं," ती मोबाईलला समजावून सांगायला लागली. "नावडतं सोडून चालत न्हाई. देव काय येडा हाय?"

राजनंदिनीनं श्वास रोखला. आता साखर म्हणणार. "मग तुमच्या सगळ्यात आवडीचं काय आहे?"

मंजुळाबाई विचारात पडली. खरंच पडली. हे तिला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं, ना माहेरी ना सासरी.

"हिच्या सैपाकाला नावं ठेवणं," ती म्हणाली.

मोबाईलमध्ये सपना मॅडम खोकल्या.

"दोन्ही टायमाला ठेवते. त्याबिगर घास उतरत न्हाई. जा, तेच सोडलं. आजपासून."

राजनंदिनी पुढचा प्रश्नच विसरली. मग आठवला. "ह्यात तुम्हाला अडचण कोणती येईल?"

"तुझा सैपाक."

सपना मॅडमनी चष्मा काढून पुसला. "राजनंदिनी, ध्येय मावशींच्या तोंडून आलं, हे चांगलं झालं. पण ते झेपणारं आहे का, ते बघायला हवं. जेवणाची वेळ झालीच आहे, तर जेवून घ्या. मी थांबते. ह्या जेवणाला ध्येय टिकलं, तर तू पास."

"टिकलं तर म्हंजी?" मंजुळाबाईला ते लागलं. "वाढ गं."

राजनंदिनीचा नवरा बालाजी तेवढ्यात रानातून आला. हातपाय धुऊन गुमान आईशेजारी बसला. राजनंदिनीनं भाकरी वाढल्या, दोडक्याची भाजी वाढली. परीक्षेच्या घोरात भाजीत मिठाचा हात दोनदा फिरलाय, हे तिला भाजी ताटात पडल्यावर आठवलं. "ती खाऊ नका" म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण मोबाईल चालू होता, आन् सल्ला द्यायचा नव्हता. तिनं तोंड मिटलं.

मंजुळाबाईनं घास घेतला. तिच्या भुवया वर गेल्या आन् वरच राहिल्या. गळ्याची शीर ताठ झाली. मग घास उतरला, तो उतरताना सगळ्यांना दिसला. तिनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, भाजीला नुसता दाखवला आन् खाल्ला. एक शब्द नाही. बालाजी मान खाली घालून कांद्यावर भाकर खात होता.

राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. लगीन होऊन ह्या घरात आल्यापासून इतकं शांत जेवण तिनं बघितलं नव्हतं.

"मावशी," सपना मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "कशी झालीय भाजी?"

मंजुळाबाईचा हात ताटातच थांबला. समोर सून पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. खोटं बोलायची मंजुळाबाईला सवय नव्हती, नेम मोडायची तर नव्हतीच. तिनं जिभेनं दात चाचपले आन् पोराला कोपरानं ढोसलं.

"बाल्या, तू सांग," ती म्हणाली. "तुला नेम न्हाई."

बालाजीनं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा आईकडं, आन् पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पाणी संपलं तरी त्यानं तो खाली घेतला नाही.