ठाण्यात तपासलेली वही

इस्तारीनं लिहिलेल्या दंडारीची, गावच्या नाटकाची, वही ठाण्यात तपासून झाली. खेळाला परवानगी मिळाली. एक वाक्य तेवढं लाल शाईनं कापलं होतं.

पोलिसांनी जंगलात नेलेल्या गावातल्या मिथुनचं पुढं काय झालं, असं ते वाक्य विचारत होतं. अक्षर इस्तारीचंच होतं. पण भीतीपोटी त्यानं ते वाक्य कधी लिहिलंच नव्हतं. मनातच ठेवलं होतं. बायको गेल्यापासून असलं काही सांगायला घरात कोणी नव्हतं.

"हे मी नाई लिहिलं, साहेब."

"मंग कापलं त काऊन रडता, इस्तारीभाऊ?" हवालदार हसला. "पुढं जे लिहाल तेबी तपासून ठेवलं. तुमची चक्कर वाचली."

इस्तारीनं पान उलटलं. ते कोरं होतं, मधोमध एक लाल रेघ. त्याच्या मनात एक वाक्य आलं, आणि त्या रेघेखाली त्याचं अक्षर उमटायला लागलं, आधीच कापलेलं.