नावानं हाक
तानसा तलावावरचं थंडीतलं धुकं विरत होतं. पहाटे टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी काढायला गेलेला नवरा अजून परतला नव्हता. "अवोऽ, अवोऽ!" करून सावळीचा गळा बसला. पाखरं बघायला मुंबईहून आलेली पोरगी दुर्बीण लावून त्यालाच शोधत होती. "काकू, नावानं हाक मारा ना!" "नाय गो बाय. घरधन्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं." जात्यावरच्या ओवीतही ती त्याला नुसतं 'कंथ' म्हणायची. "काका दिसत नाहीत. एक पाणकावळा बसलाय, पंख वाळवत." "कशावर बसलाय?" "काळं, गोल काहीतरी आहे." सावळीनं दुर्बीण हिसकावून डोळ्यांना लावली. ट्यूबच होती, तिच्याच लुगड्याचा लाल काठ बांधलेली. माणूस असता तर पाखरू टेकलंच नसतं. सावळी कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या नावानं ओरडली, "चांगोऽऽ!" पाणकावळा तेवढा उडाला.